सुईची घाई

कात्रज चौकातल्या कोंडीत क्लच दाबून म्हणा, गॅरेजमध्ये पाने फिरवून म्हणा, नाहीतर पोळ्या लाटून; कोपराची बाहेरची बाजू ठणकू लागली की सल्ला तयार असतो: ‘एक इंजेक्शन घ्या, मोकळे व्हा.’ आराम पडतो, हे खरंच आहे. वाद पुढच्या वर्षाचा आहे.

नेदरलँड्समध्ये १८५ रुग्णांवर झालेला अभ्यास २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. सहा आठवड्यांनी स्टेरॉइडचं हे इंजेक्शन घेतलेले ९२ टक्के सुधारले, नुसती कळ काढणारे ३२. वर्षाने बघा: स्टेरॉइडवाले ६९, कळ काढणारे ८३, फिजिओथेरपीवाले ९१! २०१३ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात स्टेरॉइडनंतर ५४ टक्क्यांचं दुखणं उलटलं; खोटी सुई टोचलेल्यांत फक्त १२ टक्क्यांचं. स्टेरॉइड सूज मारतं, आणि जुन्या दुखण्यात सूज फारशी नसतेच. मनगट उचलणाऱ्या स्नायूची कंडरा हाडाला चिकटते तिथे झिजलेली असते.

‘मग पीआरपी घ्या,’ हा दुसरा पक्ष. आपलंच रक्त यंत्रात फिरवून, प्लेटलेट्स एकवटून परत टोचायचं. ‘नैसर्गिक’ म्हटलं की आपण पाकीट काढतोच. पीआरपी स्टेरॉइडपेक्षा सरस ठरलं, असं २०१० चा एक अभ्यास सांगतो. पण वर्षअखेर काहीच न करणाऱ्यांच्याही मागे पडणाऱ्याला हरवलं, त्याचं कौतुक किती? ३२ अभ्यासांच्या २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात खोट्या सुईपुढे त्याचा जाणवेल असा फायदा दिसला नाही. ॲक्युपंक्चर आणि ड्राय नीडलिंगमध्ये औषधाविना सुई असते. थोडे दिवस बरं वाटतं काहींना, दूरचा पुरावा तोकडा.

माझा पक्ष व्यायामाचा. टेबलाच्या कडेवर हात ठेवा, तळवा खाली, मुठीत अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलून द्या. खाली मात्र दुखऱ्या हातानेच, सावकाश आणा. थोडं दुखलं तर चालतं. रात्री ठणकलं तर बाटली अर्धी रिकामी करा. असं काही महिने. कंटाळवाणं आहे, म्हणून तर सुई खपते.

‘सचिनला नाही का ऑपरेशन करावं लागलं?’ लागलं, मे २००५ मध्ये, लंडनला. पण २००४ पासून कोपर दुखत असताना. महिनोन्‌महिने न हटणाऱ्या मोजक्यांसाठी तो मार्ग आहेच.

राहिला हातावर पोट असलेला. लग्नसराईत आचाऱ्याला थांबा म्हणून कोण सांगणार? त्याला एक सुई द्यावी, पण वर्षाचे आकडे आधी सांगून. सुईला व्यायामाची जोड देऊन उलटणं टाळू, ही पळवाटही २०१३ च्या अभ्यासात टिकली नाही. आणि तोच आचारी तिसरी सुई मागायला आला, तर डॉक्टरांनी सरळ नाही म्हणावं.