हुकूमशहाचा मुखवटा आणि आमची सही

हुकूमशाहीसारख्या दाहक विषयाचा खेळ करावा काय, असा प्रश्न आमच्या पिढीतील पुष्कळ सज्जन विचारतात. टेबलाभोवती बसायचे, एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन संवादांतून आणि फाशांच्या दानांतून कथा पुढे न्यायची, हा विज्ञानकथांवरील भूमिका-खेळांचा प्रकार नातवंडांमुळे आपल्याही घरांत आला आहे. त्यात जुलमी राजवटी असतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. आमची तक्रार उलट आहे : त्या राजवटी पुरेशा खऱ्या नसतात.

अमेरिकेतील 'वेस्ट एंड गेम्स'ने १९८७ साली काढलेला 'स्टार वॉर्स'वरील खेळ घ्या. साम्राज्य दुष्ट, खेळणारे बहुधा बंडखोर. जुलूम करणारा सदैव दुसराच! स्वतःच्या हातांकडे पाहण्याची वेळ खेळाडूवर येत नाही.

त्याच संस्थेचा १९८४ चा 'पॅरानोइया' मात्र निराळा. भूमिगत नगरावर संगणकाची सत्ता. तो स्वतःला प्रजेचा मित्र म्हणवितो. नागरिकांची प्रतवारी रंगांनी. वरच्या रंगाच्या मार्गिकेत पाऊल टाकणे हाही द्रोह. आनंदी असणे सक्तीचे. खेळाडूंचे काम द्रोही हुडकण्याचे, आणि गुप्तपणे प्रत्येक जण स्वतःच द्रोही! साहजिकच, दुसऱ्याने आपले नाव सांगण्यापूर्वी आपण त्याचे सांगावे, ही बुद्धी लवकरच सुचते. हुकूमशाही येथे शेजारी बसलेल्या मित्राच्या डोळ्यांतून पाहते.

'पण हा तर विनोदी खेळ!' असे कोणी म्हणेल. असेना का! विनोदानेही भीतीचे यंत्र उघडे पडते. आम्हांला खटकते ते वेगळेच. प्रत्येक पात्राला एकाच साच्याचे सहा देह मिळतात. एक मेला की दुसरा हजर. मग चहाडीची किंमत मोजावी कोणी?

आम्ही उभी हयात शासकीय सेवेत काढली. खालून टिप्पणी येई, वरून आदेश येई, मध्ये आमची सही. अतिक्रमण हटविण्याच्या एका कागदावर, संबंधितांची सुनावणी झालेली नाही हे ठाऊक असूनही, आम्ही सही केली. कागद लोकशाहीतला होता. त्या क्षणीचे आमचे मन मात्र त्या रंगीत मार्गिकांतील भेदरलेल्या नागरिकाचे होते.

म्हणून सूत्रधारांना आमचे सांगणे आहे : जुलमी राजवट अवश्य रंगवा, परंतु खेळाडूच्या हाती किरणबंदुकीआधी लेखणी द्या. आणि ज्याचे नाव त्याने लिहिले, त्याच्या घरी पुढच्या बैठकीत त्याला पाठवा.