साडेतीन किलो कांदे आणि ‘ढ’ची पाटी

१. रविवारी सकाळी पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पाऊल ठेवायला जागा नसते. दाराबाहेर रस्त्याच्या कडेला किरकोळ विकणाऱ्या बायका बसतात. त्यातल्या एकीशेजारी तिची सहावीतली मुलगी सुट्टीची म्हणून बसली होती. कांदे दहा किलोला दोनशे साठ. मी साडेतीन किलो मागितले. काटा स्थिर व्हायच्या आत मुलगी म्हणाली, ‘एक्क्याण्णव.’ दोनशेची नोट दिली, तर तिने आधी नऊ रुपये हातावर ठेवले, ‘हे शंभर झाले,’ मग शंभराची नोट ठेवली, ‘हे दोनशे.’ वजाबाकी केलीच नाही, बेरजेने वर चढली. कसं काढलंस विचारलं, तर ‘तीन किलोचे अठ्ठ्याहत्तर, अर्ध्याचे तेरा.’ मी पिशवीतली वही काढून २६ × ३.५ लिहून दिलं. ती पॉइंटापाशी अडली, खोडलं, पुन्हा अडली. मग वही परत करत म्हणाली, ‘काका, मला गणित येत नाही. मी ढ आहे.’

२. ही एकट्या गुलटेकडीची गोष्ट नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुलं तपासली. ‘नेचर’मध्ये २०२५ साली ते संशोधन छापून आलं. जवळजवळ सगळी मुलं गिऱ्हाइकाचा किचकट हिशेब तोंडी बरोबर करत होती आणि तितकंच किंवा त्याहून सोपं गणित शाळेच्या पद्धतीने मांडलं की अडखळत होती. पाठांतर, कुणाची मदत, परीक्षेची भीती ही कारणं तपासून बाजूला काढली गेली. जवळच्या शाळांतली, बाजारात काम न केलेली ४७१ मुलंही पाहिली. त्यांचं नेमकं उलटं: कागदावर ठीक, बाजाराच्या हिशेबात गडबड. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांबाबत १९८५ सालीच ‘तोंडी बरोबर, कागदावर अडखळणं’ असं दिसलं होतं.

यातून ‘बाजारच खरी शाळा’ असा निष्कर्ष काढू नये. आपल्याकडे शहाणीसुरती माणसंही तो काढतात. बाजार अपूर्णांक शिकवतो, बीजगणित शिकवत नाही. मुलीने पाटीवर बसावं असं माझं म्हणणं नाही. तिला येतं ते शाळेने ओळखावं, एवढंच म्हणणं आहे.

३. त्या मुलीने स्वतःला चिकटवलेला ‘ढ’ हा शब्द आला कुठून? अशोकाच्या ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत सगळी अक्षरं बदलत गेली, ढ मात्र जवळपास होता तसाच राहिला; म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो ‘ढ’, असं सांगतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, समजूत नेमकी पकडली आहे: हा बदलणार नाही. कित्येक शाळांत तुकड्याही याच समजुतीवर पडतात. ‘अ’ हुशारांची, ‘ड’ उरलेल्यांची. ‘ड’मधल्या पोराला कुणी काही सांगावं लागत नाही, वर्गाच्या दारावरच लिहिलेलं असतं.

४. पाटीचा परिणाम मोजलेला आहे. अर्थशास्त्रज्ञ कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलय्यांची कोडी सोडवायला दिली. जात कुणाला माहीत नव्हती तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. मग सगळ्यांसमोर नावाबरोबर जातही मोठ्याने वाचली. दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या ठळकपणे घसरली. कोडी तशीच, मुलंही त्याच वर्गातली. आता विचार करा, मार्केट यार्डाभोवतीच्या वस्त्यांतल्या पोरांची हजेरी घेताना ‘तू हमालाचा ना?’ असं कुणी सहज विचारतं, तेव्हा काय होत असेल.

५. यावर हल्ली स्वस्त उपाय निघाला आहे: भिंतीवर ‘मी करू शकतो’ लिहायचं. त्यामागचं मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांचं मूळ काम चांगलं आहे. ‘किती हुशार!’ अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे अवघड कोडी टाळतात, ‘चांगली मेहनत केलीस’ ऐकलेली टाळत नाहीत, हे त्यांनी क्लॉडिया म्युलरबरोबर १९९८ साली दाखवलं. पण ‘बुद्धी वाढते’ एवढं सांगणारे छोटे पाठ अमेरिकेत बारा हजारांहून अधिक मुलांच्या प्रयोगात तपासले, तेव्हा मागे पडलेल्यांची सरासरी श्रेणी साधारण चारच्या मापावर एक दशांश गुणाने वाढली. फायदा आहे, थोडका आहे. शिकवणं तेच ठेवून नुसता विश्वास वाढवायचा, म्हणजे काटा खोटा ठेवून गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं.

६. समजूत नियमाने बदलते, हे या यार्डाला वेगळं सांगायला नको. हमाल म्हणजे पाठ आणि खांदा, एवढंच ज्यांना दिसत होतं त्यांच्यासमोर बाबा आढावांनी १९५०च्या दशकात हमाल पंचायत ही हमालांची संघटना उभी केली. १९६९ साली माथाडी कायदा आला. त्यानंतर हमालाला भविष्यनिर्वाह निधी ही दया उरली नाही, हिशेबाची बाब झाली. आधी सगळ्यांची मनं पालटली आणि मग कायदा झाला, असं घडलं नाही.

७. म्हणून महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे मागण्याही साध्या. गुणांवरून कायमच्या तुकड्या पाडणं बंद करा. वाचन-गणितासाठी तासाभराचे गट जरूर करा, ‘प्रथम’ संस्था तेच करते. पण गट आज काय येतं यावर असावा आणि काही आठवड्यांनी मोडावा. गुणाकार शिकवताना दहा किलोचा भाव, शेकडा जुड्या, शेतकऱ्याच्या हातात पडणारी हिशेबपट्टी वर्गात आणा आणि तिथून कागदावरच्या मांडणीपर्यंत मुलाला हाताला धरून न्या. अडचण नेमकी त्या पुलावर आहे.

आणि पालकांनो, शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के जागा तुमच्या आहेत, निम्म्या सभासद बाया असायला हव्यात. ‘माझ्या मुलीला ढ कुणी ठरवलं, कशावरून?’ हे तिथे विचारा. मुख्याध्यापकांना एकच विनंती: समितीची बैठक शनिवारी ठेवा. यार्डातला फळं-भाजीचा बाजार त्या दिवशी बंद असतो.