विरंगुळ्याला दाखला कशाला?

प्रात्यक्षिके आटोपून लेखी परीक्षेचे वेळापत्रक लागलेले असते आणि ग्रंथालयाकडून बेबाकीच्या दाखल्याचा तगादा सुरू झालेला असतो, अशा सत्राखेरीच्या दिवसांत खुलताबादेतील एखादा विद्यार्थी रात्री टिपणे बाजूस सारून चित्रकादंबरी उघडून बसला, तर घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी पडते आणि ‘परीक्षा तोंडावर असता हा पोरखेळ कसला?’ असा सवाल होतो. या सवालातील काळजी खरी असली, तरी त्यामागील न्याय खरा नाही, असे आमचे नम्र मत आहे.

चित्रांच्या ओळीतून कथा वाचणे हे बालबुद्धीचे लक्षण होय, हा ग्रह निदान या तालुक्यात तरी टिकू नये. खुलताबादचा घाट उतरताच लागणाऱ्या वेरूळच्या कैलास लेण्यात, राष्ट्रकूटकालीन शिल्पकारांनी मंडपाच्या एका अंगास रामायण आणि दुसऱ्या अंगास महाभारत, एकाखाली एक अशा आडव्या पट्टांत, प्रसंगामागून प्रसंग कोरून ठेवले आहेत. आणि याच जिल्ह्यातील पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रे पुढ्यात मांडून चित्रकथी गावोगाव आख्याने लावीत असत. ते धर्मकार्य होते आणि हे केवळ मनोरंजन आहे, असा आक्षेप कोणी घेईल, तर त्याने ‘भीमायन’ पाहावे. दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी रेखाटलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात, १९३४ साली वेरूळची लेणी पाहावयास निघालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना व त्यांच्या सहकाऱ्यांना दौलताबादच्या किल्ल्यात हौदाच्या पाण्याला हात लावल्यावरून सोसावा लागलेला अपमान चित्रित झाला आहे. आणि त्याच किल्ल्याच्या तटाखालून हा विद्यार्थी एस.टी.ने शहरास जातयेत असतो.

तथापि, अशा ग्रंथांच्या थोरवीचा हवाला देऊन विरंगुळ्याला मंजुरी मिळवावी, हेही आम्हांस मान्य नाही. कारण पुस्तकाची उपयुक्तता सिद्ध झाल्यावरच वाचनाची मुभा मिळणार असेल, तर श्रांत मनाला विश्रांतीच्या घटकेतही पुन्हा परीक्षेलाच बसविल्यासारखे होईल. दिवसभर एकाच मजकुराची आवर्तने करून शिणलेल्या बुद्धीला, शब्द कमी आणि रेषा अधिक अशा पानावर वाटेल तितके रेंगाळण्याची मोकळीक हवी असते. ती मोबाइलवरील चित्रफितींत मिळत नाही, कारण एक संपण्यापूर्वीच दुसरी पुढे येऊन उभी राहते. पुस्तकाला मात्र शेवटचे पान असते, आणि ते मिटल्यावर निजता येते.

म्हणून महाविद्यालयांनी सत्राखेरीस पुस्तके जमा करून घेण्याचा शिरस्ता खुशाल पाळावा, परंतु परीक्षेच्या मुदतीत चित्रकादंबऱ्यांचे एक कपाट वाचनकक्षात खुले ठेवावे. पुस्तक बाहेर जाणारच नसल्यामुळे कोणाचा दाखला अडण्याचेही कारण उरणार नाही. पालकांना काही विचारायचेच असेल, तर त्यांनी निजण्याची वेळ तेवढी विचारावी. वाचून काय शिकलास, हे विचारण्याचा अधिकार परीक्षकाचा आहे, आणि तो थोड्याच दिवसांत बजावला जाणार आहे.