बेसूर गुपीची गाणी



गुरुजींनी आम्हांला एक बंगाली गोष्ट सांगितली. तिचे नाव 'गुपी गाइन बाघा बाइन'. म्हणजे गाणारा गुपी आणि ढोल वाजवणारा बाघा. ही गोष्ट उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी लिहिली. ती १९१५ साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात आली. पुढे त्यांचे नातू सत्यजित राय यांनी १९६९ साली तिच्यावर सिनेमा काढला. गाणी त्यांनीच लिहिली व चालीही त्यांनीच लावल्या. गुपीची गाणी अनुप घोषाल यांनी म्हटली आहेत.

ती गाणी मी घरी बाबांच्या मोबाइलवर ऐकली. आजी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अगं, भाषा कळंना, पण ढोल कसा आपल्या जत्रंतल्यावानी वाजतोय!" मग आम्ही दोघींनी तेच गाणे तीनदा ऐकले.

गोष्टीत गुपी आधी फार बेसूर गातो. सिनेमात राजा त्याला गाढवावर बसवून हाकलून देतो. बाघालाही हाकलतात. जंगलात दोघांना भुतांचा राजा भेटतो व तीन वर देतो. एकमेकांना टाळी दिली की जेवण आणि कपडे मिळतात. जोडे घातले की पाहिजे तिथे जाता येते. आणि त्यांचे गाणे ऐकले की लोक जागच्या जागी खिळतात. शेवटी लढाईला निघालेले सैन्य ते गाण्यानेच थांबवतात.

गाणी ऐकताना मला आमच्या वर्गातली एक मैत्रीण आठवली. प्रार्थनेत तिचा आवाज चुकतो. आम्ही तिला म्हणालो, "तू नुसते ओठ हलव." मी पण हसले होते. तेव्हापासून ती गातच नाही. म्हणजे आम्ही त्या राजासारखेच वागलो. फक्त गाढव नव्हते.

माझे मत असे की, ज्याला गाता येत नाही त्यालाच जास्त गायला द्यावे. आपल्याला काही भुतांचा राजा भेटणार नाही. मग सराव केल्याशिवाय गाणे येणार कसे? पाढे चुकले तर गुरुजी पुन्हा म्हणायला लावतात, गप्प बसवत नाहीत. गाण्याचेही तसेच करावे.

येत्या शनिवारी प्रार्थना सांगायला तिला पुढे बोलवावे. मी तिच्या शेजारी उभी राहीन. चुकली तर कुणी हसू नका. त्या दिवशी पालक आले तर त्यांनीपण हसू नये.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी