मैदानाबाहेरचे कोट्यवधी

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १४० कोटींच्या देशाला अवघी ६ पदके मिळाली. सुवर्ण एकही नाही. दर वेळी दोष जिद्दीला दिला जातो. आम्ही विचारतो, या १४० कोटींपैकी मैदानापर्यंत पोहोचतात किती? कर्जत-खालापूरच्या वाड्यांतील कित्येक कातकरी मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शाळाच सुटते, तिथे प्रशिक्षक कुठला?

गुणवत्ता नाही म्हणणाऱ्यांनी पालवणकर बाळू आठवावेत. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद जातीने त्यांना मिळू दिले नाही. तेव्हा दार जातीने अडवले, आज उपासमार आणि स्थलांतरही अडवते. हंगामी वसतिगृहे, सकस आहार, मैदाने द्या. ही भीक नव्हे, हक्क आहे. पदकांचा हिशेब त्यानंतर मागा!