लिस्बन पाहिले, बडोदे?

लिस्बनला जाऊन आलेल्या आम्हां गोंयकारांचे फोटो ठरलेले. बेलेंचा मनोरा, जेरोनिमुशचा मठ, पिवळी ट्राम... पाहावे, जरूर पाहावे. पण मराठीसाठी तावातावाने भांडणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कितीजणांनी मराठी राजांची राजधानी असलेले बडोदे पाहिले आहे?

मी तिथे निजामपुऱ्यात उतरलो होतो. ही शहराच्या उत्तरेकडची वस्ती. फत्तेगंज ओलांडून सयाजीबागेकडे आले की गायकवाडांचे बडोदे सुरू होते. लक्ष्मीविलास राजवाडा (१८९०) तर बहुतेक प्रवासी पाहतातच. त्यातली राजा रविवर्म्याची चित्रे पाहून मन भरते, हे खरे. पण मला विचाराल तर कीर्तिमंदिर चुकवू नका. गायकवाडांच्या त्या स्मारकात भिंती रंगवल्या आहेत शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी! मराठी राजाने बंगाली चित्रकार गुजरातेत आणला. आमच्या भाषावादातल्या दोन्ही बाजूंनी तिथे थोडा वेळ गप्प उभे राहावे.

खरेदीला न्यायमंदिराजवळून लहेरीपुरा दरवाज्यातून मंगळ बाजारात शिरावे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराइतकीच गर्दी. मी मराठीत भाव विचारला, दुकानदाराने गुजरातीत सांगितला. घासाघीस दोन भाषांत झाली आणि बांधणीची ओढणी पिशवीत पडली. बाहेर सेव-उसळीची गाडी. उसळ हा शब्द तिथे कुणाला परका वाटत नाही.

सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली बडोदे गुजरातेत आले. मराठीची गादी गेली, तरी २०१८ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले.

गोव्यात मराठीला पोर्तुगीज अमदानीत सिंहासन कुठे होते? भजन-कीर्तन आणि जत्रेतली नाटके, यांवरच ती टिकली. तरीही १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आपला सगळा जीव सरकारी मान्यतेत अडकला आहे. मान्यता मागू नये असे मी म्हणत नाही. पण घरातली नातवंडे आजीशी कुठल्या भाषेत बोलतात, हे मात्र आपण विचारत नाही. बडोद्यातल्या मराठी घरांना हा प्रश्न आपल्या कितीतरी आधी पडला. मडगावहून थेट रेल्वे आहे. जाऊन त्यांच्याशी बोला तरी.