जादा भरलेली घरपट्टी

घरपट्टीचे बिल आले की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. हातात पैसे असतील तर मुकाट्याने भरायचे, नसतील तर बिल ट्रंकेत कपड्याखाली ठेवून द्यायचे. बिलात काय लिहिले आहे ते कोणी वाचत नाही. सरकारी कागद आहे म्हणजे बरोबरच असणार, असे आपण धरून चालतो. आमच्या घरीही पुष्कळ वर्षे असेच चालले. त्याची किंमत आम्ही मोजली, म्हणून हे लिहीत आहोत.

वडील नोकरीला होते त्या दुसऱ्या शहरात आमचे जुने घर आहे. दोन खोल्या, वर पत्रे. निवृत्त झाल्यावर वडिलांनी पुढच्या खोलीला शटर बसवून किराणा दुकान घातले. दीड वर्षात ते उधारीत बुडाले. शटर तसेच राहिले आणि आई त्या खोलीत झोपू लागली. कार्यालयाच्या वहीत मात्र ती खोली दुकान म्हणून लागली ती लागलीच. वडील गेल्यावर धाकट्या बहिणीने जुन्या पावत्या काढल्या, शेजारच्या बिलाशी ताडून पाहिल्या, तेव्हा कळले की तेवढ्याच घराला शेजाऱ्यांना आमच्या निम्मी पट्टी येते. अर्ज केला. माणूस येऊन मोजून गेला आणि पट्टी कमी झाली. पण ती त्या वर्षापासून कमी झाली. आधीच्या सहा वर्षांचे जादा पैसे गेले ते गेलेच. आई एवढेच म्हणाली, "तेवढ्यात पत्रे बदलून झाले असते."

असे का होते ते समजून घेऊ. आपल्या शहरात महानगरपालिका १९८२ साली झाली. तिची घरपट्टी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे लागते. घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल ते ठरवतात. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात. उरते ते करयोग्य मूल्य, आणि सगळे कर त्याच्यावर बसतात. समजा घराचे वार्षिक भाडे १२,००० रुपये धरायला हवे होते. करयोग्य मूल्य झाले १०,८००. चुकून २०,००० धरले तर ते होते १८,०००. सर्व कर मिळून ३० टक्के धरले, तर ३,२४० च्या जागी ५,४०० रुपयांचे बिल येते. म्हणजे वर्षाला २,१६० रुपये जादा. पत्र्याच्या घराला स्लॅबचे घर लिहिले, माप चुकले, बंद दुकान चालू धरले, स्वतः राहत असताना भाडेकरू दाखवला, की मूळ आकडाच फुगतो.

आता मुदतीची गोष्ट, कारण पैसा इथेच अडकतो. आकारणी पहिल्यांदा झाली किंवा वाढली तर घरमालकाला नोटीस द्यावी लागते आणि हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. हरकत लेखी द्यायची, मग सुनावणी होते. नोटिशीची मुदत हुकली तरी वर्षाच्या मध्येही दुरुस्ती मागता येते. पण अशी दुरुस्ती साधारणपणे चालू आर्थिक वर्षापुरतीच मागे जाते, म्हणजे १ एप्रिलपर्यंत. त्यामुळे ३१ मार्चच्या आत दिलेला अर्ज आणि एप्रिलात दिलेला अर्ज यांत अख्ख्या वर्षाच्या पैशाचा फरक पडतो.

दुसरे असे की वाद आहे म्हणून बिल थकवू नये. थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. 'हरकत राखून भरणा करीत आहोत' असे पत्र द्यावे, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी आणि पैसे भरावेत. अधूनमधून शास्तीत सूट जाहीर होते, तेव्हा लोक रांगा लावतात. ती सूट फक्त शास्तीवर असते. मूळ आकारणी चुकलेली असेल तर पुढच्या वर्षी तेच फुगलेले बिल पुन्हा दारात येते.

पट्टी कमी झाल्यावर जादा पैसे आपोआप परत येतील असे समजू नये. ते मागावे लागतात. पुण्याचे उदाहरण पाहा. तिथे स्वतःच्या घरात राहणाऱ्याला १९७० पासून आकारणीत ४० टक्के सवलत होती. मध्यंतरी ती बंद झाली आणि २०१९ पासून अनेकांना पूर्ण बिले आली. ओरड झाली, आणि २०२३ साली राज्य सरकारने सवलत पुन्हा चालू केली. पण त्यासाठी 'पीटी-३' नावाचा अर्ज, घरात स्वतः राहत असल्याच्या पुराव्यासह, द्यावा लागला. जादा भरलेली रक्कमही हातात मिळाली नाही. ती पुढच्या चार वर्षांच्या बिलांतून वळती करण्याचे ठरले. ज्याने पावत्या जपल्या आणि अर्ज वेळेत दिला, त्याचे काम सोपे झाले.

म्हणून आमचे सांगणे असे. घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला बिल वाचायला बसवा. माप, बांधकामाचा प्रकार, वापर आणि नाव या चार गोष्टी तपासा. वॉर्ड ऑफिसातून आकारणीचा उतारा मागा. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून मागा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाहीत. अर्जात दोन मागण्या स्पष्ट लिहा. एक, आकारणी दुरुस्त करावी. दोन, जादा भरलेली रक्कम परत द्यावी किंवा पुढच्या बिलात वळती करावी. वर्ष, पावती क्रमांक आणि रक्कम यांचा तक्ता जोडा. नुसते तोंडी सांगून येऊ नका.

सुनावणीचा निकाल पटला नाही तर कलम ४०६ प्रमाणे न्यायालयात अपील करता येते. मुदत तिथेही १५ दिवसांचीच, आणि मागणीची रक्कम आधी जमा करावी लागते. वकिलाच्या फीला घाबरून मागे फिरू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना, कारखान्यातील कामगारांना आणि अनुसूचित जातींच्या लोकांना मोफत वकील मिळतो, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींत आपले बौद्धही आले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. घर आईच्या किंवा पत्नीच्या नावावर असेल तर तिच्याच नावाने तो करता येतो.

आमच्या बहिणीने आता एक जाड वही केली आहे. प्रत्येक पावती तिच्यात चिकटवलेली, शेजारी तारीख. परवा आईनेच ती वही शेजारच्या सूनबाईला दाखवायला नेली. त्यांच्याही बिलात एक खोली जास्त निघाली. मार्च संपायला अजून अवकाश होता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला.